मणका आधीच मोडला होता

लोक विचारतात, "बाई, मणका कशानं मोडला?" मी सांगते, "भोपळा उचलला." ऐकणारा हसतो. हसू दे. पण गावात काही जण हसत नाहीत. ते म्हणतात, "न्हाई हो, शांतवननं पाय दिला ना, तवा मोडला."

हे लिखाण त्या न हसणाऱ्यांसाठी आहे. आणि माझ्यासारख्या वर्षानुवर्षं शुगर सांभाळत आलेल्या माणसांसाठी आहे, ज्यांना वाटतं की आपले डोळे, मूत्रपिंड, पाय एवढ्यांचीच काळजी घ्यायची असते.

शांतवन म्हणजे माझे यजमान. ते आता नाहीत, म्हणून नावाने लिहिते. असताना मीही चारचौघींसारखी 'अहो'च म्हणायची.

उत्तम हाडं

मी कोल्हारला शाळेत मराठी शिकवत होते. शुगर चाळिशीतच निघाली. आमच्याकडे मधुमेह कुणाला होत नाही, शुगर 'निघते', विहिरीला पाणी निघावं तशी. आधी गोळ्या, मग इन्सुलिन, रोजचं फिरणं, बिनसाखरेचा चहा. नाताळात करंज्या माझ्या हातच्या, पण मी त्या फक्त वाटायच्या. सगळं शिस्तीत चाललं होतं.

भोपळ्याच्या आदल्या वर्षी गावात आरोग्य शिबिर भरलं. हाडं मोजायचं मशीन आलं होतं. त्यात टाच ठेवायची, मशीन सांगणार हाडं कशी आहेत. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांनी मशीनला हार घातला, नारळ फोडला, आणि फोटोसाठी पहिली टाच त्यांचीच ठेवायची असं ठरलं. त्यांचा मोजा निघेना. दोन कार्यकर्ते खाली बसून मोजा ओढत होते आणि तिसरा माईकवरून त्यांना 'भूमिपुत्र' म्हणत होता. आम्ही बायका उन्हात रांगेत. माझा नंबर आला तेव्हा मशीनवरची मुलगी म्हणाली, "मावशी, हाडं एकदम उत्तम. काही टेन्शन नाही."

मी तशी शंकेखोर बाई. वर्तमानपत्रातली बातमीही दुसऱ्या वर्तमानपत्रात वाचल्याशिवाय खरी मानत नाही. पण स्वतःबद्दलचं चांगलं मात्र एकदा ऐकूनच मान्य करून टाकलं. त्या वर्षात मी दोनदा घसरून पडले होते. पायांना जमीन नीट कळत नव्हती. चप्पल पायातून कधी निघून गेली हे चार पावलं पुढे गेल्यावर समजायचं. पण हाडं उत्तम म्हटल्यावर पडण्याची काय भीती?

पुढे नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी मला समजावलं की शुगर असलेल्यांच्या बाबतीत ही मोजणी फसवू शकते. "वीटभट्टीत एखादी वीट जास्त भाजते ना बाई? मापाला बरोबर, वजनाला बरोबर, दिसायलाही चांगली. हातातून पडली की तुकडे. जुन्या शुगरमध्ये हाडाचं तसं होतं." हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी उताणी पडले होते आणि छतावरचा पंखा सोडून दुसरं काही बघू शकत नव्हते.

भोपळा

आमच्या चर्चमध्ये सुगीनंतर उपकारस्तुतीचा सण असतो. शेतातलं पहिलं पीक लोक देवापुढे आणतात. बाजरीची कणसं, ऊस, वांगी, अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासना संपली की आवारात त्याच वस्तूंचा लिलाव होतो. हा लिलाव अनेक वर्षं मीच करत आले, कारण माझा आवाज शाळेत घडलेला आहे, आणि बोली लावणारे निम्मे माझ्या वर्गातून गेलेले आहेत. त्यांना अजून वाटतं की बाईंनी बघितलं की हात वर करायचा असतो.

त्या वर्षी प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि उशिरापर्यंत बोलले. सुगीबद्दल दोन वाक्यं, बाकी स्वतःचा परदेश दौरा. मधूनमधून कोंबडी बोलत होती. तिचं जास्त पटत होतं.

लिलावाच्या शेवटी मोठा लाल भोपळा राहिला होता. कुणी बोली लावेना. मी म्हणाले, "अरे, बघा तरी! पाळकसाहेबांच्या प्रवचनापेक्षा वजनदार आहे," आणि तो दोन्ही हातांनी उचलला. आवार हसलं. त्या हसण्यातच माझ्या पाठीत कट्‌ असं वाजलं. वाळलेली काटकी मोडते तसं, अगदी बारीक. ते फक्त मला ऐकू आलं.

भोपळा हातातून सुटला आणि घरंगळत पाहुण्यांच्या बुटांपर्यंत गेला. लोक आणखी हसले. त्यांना वाटलं, बाईंची गंमत चालली आहे. मी टेबल धरून उभी होते आणि मला श्वास घेता येत नव्हता.

"बाई, उसण भरली का काय?" द्वारकाबाईंनी विचारलं. या आमच्या शेजारीण. ख्रिस्ती नाहीत, पण लिलावाला दरवर्षी पहिल्या रांगेत असतात, भाजी ताजी मिळते म्हणून.

"उसणच ती! भोपळा उचलला ना!" मागून कुणीतरी म्हणालं.

आणि सगळ्यांच्या माना एकदम एकाच बाजूला वळल्या. शांतवनकडे.

पायाळू

जन्मताना ज्याचे डोक्याआधी पाय बाहेर येतात तो पायाळू. अशा माणसाने उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्या भागात मानतात. आमच्या घराण्याने धर्म बदलला त्याला कित्येक पिढ्या झाल्या. उसणीने बदललेला नाही. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांची एकाच पायाने उतरते.

शांतवन पायाळू होते. नोकरी पाटकऱ्याची. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी जाणार हे बघत आयुष्यभर पाटाच्या कडेने चालले. बोलणं कमी. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात, म्हणून लहानपणी आभाळ वाजलं की त्यांची आई त्यांना घोंगडीत गुंडाळून घरात कोंडायची. लग्नानंतर मी त्याची फार थट्टा केली. "आभाळ आलंय, आत या. मला इतक्यात विधवा व्हायचं नाही." ते हसायचे, आणि आत यायचे.

पण सकाळी दारात कुणीतरी वाकून उभं असायचं. ऊसतोडीच्या हंगामात पाथर्डी, शेवगावकडून आलेल्या बायका, मोळ्या उचलून पाठ धरलेल्या. शांतवन चप्पल काढायचे, पाय धुवायचे, एक हात भिंतीला लावायचे आणि उजवा पाय तीनदा हलकाच पाठीला टेकवायचे. टेकवताना बोलायचं नाही. त्याबद्दल कुणाकडून चहासुद्धा घ्यायचा नाही. मी म्हणायची, "दोन दिवसांत आपोआप बरी होते ती."

"व्हय," ते म्हणायचे. "पन त्यांना दोन दिस सुट्टी कोन देनार?"

गावात त्यांना मान देण्यासारखं दुसरं काही घडलं नव्हतं. बायको शिकलेली, मुलगी शिकलेली, आणि ते पाटाच्या कडेचे. हा पाय तेवढा त्यांचा स्वतःचा होता.

त्या दिवशी मला सतरंजीवर पालथं झोपवलं. शांतवन पुढे येईनात. खाली बसून माझ्या कानाशी म्हणाले, "रतन, लई दुखतंय का? आपुन दवाखान्यात जाऊ."

लोक कुठले ऐकतात.

"आवो दादा, जगाची उतरवता आन्‌ घरच्या बाईची न्हाई व्हय?"

"पाव्हन्यांम्होरं लाजत्यात!"

पाहुण्यांनी तोवर मोबाईल काढला होता. पारंपरिक ज्ञानाबद्दल ते काहीतरी म्हणत होते. माझ्या तोंडासमोर सतरंजीचा वास, आजूबाजूला चपलाच चपला. मी म्हणाले, "लावा हो एकदाचा, म्हणजे ही गर्दी तरी हटेल."

त्यांनी पाय धुतले. मग पाय टेकला. मूल झोपलं आहे का हे बघायला आपण हात लावतो, तितका हलका. माझ्या पाठीला तो पाय कळला, आणि माझ्याशिवाय तो कुणाला कळलेला नाही, म्हणून यात माझा शब्द शेवटचा धरावा. तिसऱ्यांदा टेकला तेव्हा आत काहीतरी सरकलं. मी ओरडले. मग उजवा पाय मांडीपासून खाली माझा राहिला नाही.

फोटो

जीपच्या मागच्या बाकावर फळीवर झोपवून मला नगरला नेलं. मनमाड रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना वर्णन नको. ज्यांना माहीत नाही त्यांना खरं वाटणार नाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. सकाळपासून उभा असावा. पाठीचा फोटो काढून झाल्यावर तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "कमरेच्या वरचा मणका दबलाय. काय उचललंत?"

"भोपळा."

त्याने मान वर केली. "केवढा?"

"मोडण्याएवढा."

तो हसला. मग सहज विचारलं, "नंतर काही केलं का? मालिश वगैरे?"

नाही म्हणायला मी तोंड उघडत होते, तेवढ्यात दारातून आवाज आला. "म्या पाय दिला, सायेब. पायाळू हाय म्या."

डॉक्टरचा पेन थांबला. "अहो बाबा, मोडलेल्या मणक्यावर पाय दिलात?"

तो रागावला नव्हता. दमलेला होता. पुढचा पेशंट आला तेव्हा हे वाक्य विसरलाही असेल. 'मोडलेल्या' असं तो स्वतःच म्हणाला होता. पण शांतवननी ते ऐकलं नाही. त्यांनी फक्त उरलेलं ऐकलं. ते खाली स्वतःच्या पायांकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचे पाय बघावेत तसे.

आजाराचं निदान माझं झालं. त्या खोलीतून आजारी होऊन बाहेर पडले ते शांतवन.

वॉर्ड

ऑपरेशन लगेच करायचं होतं, पण शुगर आभाळाला गेली होती. ती खाली येईपर्यंत थांबा म्हणाले. वॉर्डात सकाळ उजाडायची ती बोटाला सुई टोचून. एरवी लोक एकमेकांना नमस्कार करतात, इथे "आज किती?" म्हणतात. बोटं संपत आली की सिस्टर विचारायची, "आज कुठलं देता, आजी?" जणू मी दान करत होते.

भीती कसली वाटली ते सांगते. मरणाची नाही. पायाचा अंगठा हलला नाही तर काय, याची. दुसऱ्याने उचलून दुसऱ्याने पुसायचं, याची. आयुष्यभर वर्गात उभी राहिलेली बाई आडवी झाली की तिला पाहुण्यांच्या नाकपुड्या दिसतात, आणि सगळे तिच्याशी मोठ्या आवाजात बोलतात, जणू मणका नव्हे, कान मोडलेत.

भेटायला खूप जण आले. पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत माझ्या मणक्याचा क्रमांकसुद्धा आला. देवाने चुकीच्या मणक्याला हात घालू नये म्हणून असावा. द्वारकाबाई शहाळं घेऊन आल्या. "बाई, लई भोगलं तुमी," म्हणाल्या आणि शहाळं स्वतःच प्यायल्या, कारण माझी शुगर वाढलेली.

करुणा, आमची मुलगी, पुण्याहून धावत आली. पहिल्याच दिवशी बाहेरच्या व्हरांड्यात ती वडिलांना बोललेली मला आत ऐकू आली. "पप्पा, गावाचं सोडा. पण तुम्ही? शिकलेल्या बाईबरोबर इतकी वर्षं राहून?"

"चुकलं, बाळा."

"चुकलं म्हणून काय होतं? तिचा पाय गेला तर?"

नंतर ती माझ्या खाटेशी येऊन रडली. मी तिला म्हणाले, जा, पप्पांची माफी माग. ती गेली. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तू बराबर बोलली."

एक सिस्टर ड्यूटी संपल्यावर दोन मिनिटं थांबून माझी वेणी घालायची. पाठ न हलवता डोकं कसं वळवायचं हे तिला बरोबर जमायचं. ऑपरेशन झालं, पाठीत स्क्रू बसले, आणि काही दिवसांनी अंगठा हलला. तिने टाळी वाजवली. शांतवन कोपऱ्यात उभे होते, तिने त्यांना बोलावलं, "बाबा, जरा पाठीला हात द्या, कूस बदलू."

ते मागे सरकले. "तुमीच करा, सिस्टर."

मला भरवायचे, पाय चेपायचे, माझी लघवीची पिशवी रिकामी करायचे. पण पाठीला हात लावला नाही. एकदाही नाही.

मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी त्यांना एकटं गाठलं. मी म्हणाले, "खरं सांगा. पायाने मोडला का?"

"मोडला तो भोपळ्याने. ते नक्की. मग सरकला तो पायाने, का जीपमध्ये, का तुम्हाला उचलून ठेवताना, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. आणि बाई, असं हाड खोकल्यानेही मोडतं."

"हे त्यांना सांगाल?"

भला माणूस. त्यांनी शांतवनना आपल्या खोलीत बसवलं, विटेचं उदाहरण दिलं, फोटो दाखवला. ते खाटेशी परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"लई चांगला मानूस हाय," शांतवन म्हणाले. "माझ्यासाठी बोलला."

इथे थोडं कामाचं लिहिते. शुगर जुनी असेल आणि साध्या कारणाने पाठ, कंबर, मनगट, खुबा दुखायला लागला, तर आधी फोटो काढा. मालिश, पट्टा, उसण, जे करायचं ते नंतर. पडलात तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. पायाला जमीन कळत नसेल, डोळ्यांना अंधुक दिसत असेल, शुगर मध्येच उतरून चक्कर येत असेल, तर हाड मोडायची तयारी तिथूनच सुरू झालेली असते. काही औषधं हाडांना सोसत नाहीत, ती डॉक्टरच बदलून देतात; मनाने बंद करू नका. आणि स्वतःहून विचारा, "माझ्या हाडांचं काय?" हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, मीही कुणाला विचारला नाही. शुगरचे डॉक्टर शुगर बघत होते, डोळ्यांचे डोळे. हाडं कुणाच्या वाट्याला आली नव्हती.

"तो पाय ग्येला"

घरी आले ती कमरेला पट्टा आणि हातात वॉकर घेऊन. जखम भरायला फार दिवस लागले. शुगरमध्ये जखमांना घाई नसते.

ऊसतोडीचा हंगाम होता. एका सकाळी दारात एक बाई वाकून उभी. चेहरा उन्हाने रापलेला, पदराला उसाची पाती चिकटलेली. "दादा, पाय लावा ना. टोळी फुडं गेली."

"न्हाई जमनार, माय. तो पाय ग्येला."

"कुटं ग्येला? हाय की."

ते आत निघून गेले. मीच तिला म्हणाले, दवाखान्यात जा, फोटो काढ. ती माझ्या पट्ट्याकडे बघत मागे फिरली. त्यानंतर बातमी फिरली असावी. दारात येणं बंद झालं. चर्चमध्ये शांतवन शेवटच्या बाकावर बसायला लागले, आणि शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत उठून यायचे.

मी मात्र खटला चालवत होते. चालायला शिकणं हे माझं अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं त्यांना सोडवण्याचं. जेवताना, चहा घेताना, वॉकरवर अंगणात फेऱ्या मारताना मी पुरावे मांडायचे. कट्‌ आवाज आधी आला. श्वास आधी अडकला. पाय नंतर. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "व्हय." त्यांच्या 'व्हय'मध्ये संमती नव्हती. मास्तरीण बोलतेय, बोलू द्यावं, एवढंच होतं.

बरगडी

उन्हाळ्यात धुळीने खोकला धरला. एका दुपारी मी खुर्चीत बसून खोकत होते. शांतवन अंगणात. द्वारकाबाई समोर शेंगा सोलत होत्या. जोराची उबळ आली आणि छातीच्या डाव्या बाजूला कट्‌. तोच आवाज. मी ओळखला.

श्वास घेता येत नव्हता, तरी मी ओरडले. "अहो! अहो, इकडे या! बरगडी मोडली!"

द्वारकाबाईंच्या हातातलं सूप पडलं. "बाई, मोडली तर मोडली, हसताय काय?"

मी हसत होते. खरंच हसत होते, आणि प्रत्येक हसण्याला सुरी खुपसल्यासारखं होत होतं. "कुणी हात लावला नाही! द्वारकाबाई, तुम्ही साक्षीदार. कुणी हात लावला का मला?"

"कुनी न्हाई लावला. आता गप बसा, मराल!"

फोटो काढला. बरगडीला तडा होताच. डॉक्टर म्हणाले, शुगर आणि हाड, दुसरं काही नाही. मी तो फोटो शांतवनच्या पुढ्यात धरला. परीक्षेत पहिली आलेली पोर निकाल दाखवते तशी. "बघितलं? खोकल्याने मोडते. नुसत्या खोकल्याने! आता तरी पटलं?"

त्यांनी फोटो हातात घेऊन खूप वेळ बघितला. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे माझ्या पायानं आतलं समदंच खिळखिळं झालं."

मी त्या दिवशी रडले. आजारपणात इतकी कधी रडले नव्हते. द्वारकाबाई गावभर सांगत होत्या की बाईंना बरगडीचं दुःख आत्ता कळलं.

दुपार

पुढच्या सुगीच्या आत शांतवनचं हृदय थकलं. पाय सुजले, दम लागायला लागला. मग एक दिवस अंगणातच बसले आणि उठता येईना. त्याच रस्त्याने, त्याच दवाखान्यात. आता खाटेवर ते आणि वॉकरवर मी.

डॉक्टरांनी करुणाला बाजूला घेतलं. बाजूला घेतलं की काय ते आपल्यालाही कळतंच. ती औषधं आणायला खाली गेली. दुपारची वेळ, वॉर्डातले बहुतेक झोपलेले. मी खाटेशी उभी होते.

"रतन."

"काय हो?"

"येक मागू?"

मला वाटलं, पाणी. मी वळून तांब्याकडे बघायला लागले.

"मला माफ कर. येकदा तोंडानं म्हन."

माझ्या आत सगळं एकदम उभं राहिलं. भोपळा, वीट, बरगडी, मोठ्या डॉक्टरांचं बोलणं. मी सुरुवात करणारच होते. त्यांनी डोळे मिटले. माझं व्याख्यान सुरू होणार असलं की ते नेहमी मिटायचे तसेच, पण या वेळी त्यांच्यात ऐकण्याएवढं बळ उरलेलं नव्हतं.

इतके महिने मी त्यांची वकिली करत होते. त्यांनी वकील मागितलाच नव्हता. पहिल्या दिवशी, दारात उभं राहून, त्यांनी सगळ्यांसमोर कबुली दिली होती आणि तेव्हापासून ते फक्त उत्तराची वाट बघत होते. दर रविवारी चर्चमध्ये मी ज्या शब्दाला मान डोलवत आले, तो एक शब्द. तो दिला की त्यांनीच मोडला असं मी मान्य केल्यासारखं होत होतं. म्हणून मी तो दिला नव्हता. खऱ्याचा मला मोठा अभिमान.

"माफ केलं," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नीट बघितलं, खोटं बोलते आहे का ते. मी वर्गात कितीतरी पोरांचं खोटं पकडलं आहे, मला माहीत आहे चेहरा कसा ठेवायचा ते. मी तसा ठेवला.

"सगळं माफ केलं," मी म्हणाले. जे त्यांनी केलंच नव्हतं ते सगळं.

मग त्यांनी हात लांब केला. सलाईनची नळी सांभाळत, हळूहळू, माझ्या कमरेमागे नेला आणि पट्ट्याच्या वर, जिथे टाक्यांचा व्रण आहे, तिथे ठेवला. हात थंड होता. दाबला नाही, फिरवला नाही, नुसता ठेवला. थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झाला आणि त्यांना झोप लागली. हात तिथेच होता.

सिस्टर आली. सलाईन बघितलं, मला बघितलं. "आजी, स्टूल देते, बसून घ्या. पाठ दुखेल तुमची."

"दुखतेच आहे," मी म्हणाले, आणि उभी राहिले.